टोपलीत वसईचे फुगे: क्राकूवमधला पवित्र आठवडा

गुरुवार, २८ मार्च २०२४

वॉर्साहून क्राकूवला जलद गाडी अडीच तासांत पोचते. माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा डबेच जास्त होते. नारळाच्या दुधाचे दोन टिन, एक मोठा स्टीलचा डबा, आणि आईनं वसईहून सुट्टीवरून परतणाऱ्या एकीच्या हाती पाठवलेली सुकेळी, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. सुकेळी म्हणजे आमच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून मधासारखी काळपट-सोनेरी झालेली. पिशवी उघडली की आजोळची ओटी समोर येते, इतका तो वास ओळखीचा.

पोलंडमधला हा माझा तिसरा ईस्टर. पहिल्या वर्षी मला इथले नियम ठाऊक नव्हते. गुड फ्रायडेची सुट्टी असणारच असं धरून चालले होते, पण पोलंडसारख्या कॅथलिक देशात त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते. दुपारी तीनच्या ठोक्याला, ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळेला, मी एका मीटिंगमध्ये आकडे वाचून दाखवत होते. रविवार-सोमवार सगळी दुकानं बंद. घरात ना अंडी, ना पाव. त्या रविवारी आईला फोनवर ‘छान झाला सण’ असं सांगितलं आणि फोन ठेवून रडले. लहानपणी सण आपोआप यायचा. घरात कुणीतरी तांदूळ निवडत असायचं, कुणीतरी इस्त्री करत असायचं, आणि आपण फक्त नवे कपडे घालायचे. परदेशात सण आपोआप येत नाही, तो हातानं करावा लागतो. हे मला त्या रविवारी कळलं. म्हणून यंदा मैत्रीण म्हणाली, ‘क्राकूवला माझ्या आईकडे चल’, तेव्हा मी तीन दिवसांची रजा टाकली आणि तिला अट घातली की चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या अन्नाच्या टोपलीत मीही काहीतरी ठेवणार: आमचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव.

मैत्रिणीच्या आईला सगळे ‘पानी’ म्हणतात. पोलिशमध्ये ते बाई या अर्थाचं आदराचं संबोधन. मी मनात तिला काकू म्हणते, म्हणून इथेही काकूच.

संध्याकाळी पवित्र गुरुवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. ग्लोरिया या स्तुतिगीताला सगळ्या घंटा एकदम वाजल्या आणि मग थांबल्या. आता शनिवारी रात्रीपर्यंत घंटा नाही. हा नियम जगभर सारखाच, पण मला तो आधी कानांनी कळला होता, अर्थ पुढे फार उशिरा समजला. वसईत आमच्या चर्चची घंटा वाडीवाडीतून ऐकू यायची. ती दोन दिवस गप्प झाली की गाव आजारी पडल्यासारखं वाटायचं. घंटेऐवजी लाकडी खटखटं वाजवायचे. इथेही तेच. त्याला ‘कोवात्का’ म्हणतात. वेदीवरच्या मुलानं ते हलवलं, कोरडा, हाडांसारखा आवाज आला, आणि माझ्या अंगावर काटा आला. सहा हजार किलोमीटर लांब येऊन तोच आवाज!

शुक्रवार, २९ मार्च

पहाटे पाचला निघालो, काल्वार्या झेब्झिदोव्स्काला. क्राकूवच्या नैर्ऋत्येला तासाभराच्या अंतरावर डोंगराळ भागात हे ठिकाण आहे. १६०० च्या सुमारास मिकोवाय झेब्झिदोव्स्की नावाच्या सरदारानं इथल्या टेकड्यांवर जेरुसलेमचा नकाशा उभा केला. एका टेकडीला जैतुनाचा डोंगर म्हटलं, ओढ्याला केद्रोन म्हटलं, आणि झाडीत चाळीसच्या वर छोटी-मोठी प्रार्थनागृहं बांधली. १९९९ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पोप दुसरे जॉन पॉल यांचं जन्मगाव वादोवित्से इथून जवळच. लहानपणी ते वडिलांबरोबर इथे यायचे.

पवित्र आठवड्यात इथे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा प्रसंग गावकरी आणि मठातले ब्रदर मिळून उभा करतात. रंगमंच नाही, पडदा नाही. महायाजक कैफाच्या वाड्यापासून रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यापर्यंत, तिथून क्रूस घेऊन टेकडीवर, आणि मागे हजारो माणसं चिखलवाटेनं चालतात. प्रत्येक थांब्याला प्रवचन होतं. माझं पोलिश बाजारात भाज्या घेण्याइतकं आहे, त्यामुळे प्रवचनातलं निम्मं निसटलं. पण पिलातानं हात धुतले तेव्हा पुढे काय होणार हे मला शब्दाशिवाय कळत होतं.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. टोपी हातात, डोकं उघडं, थंड वारा. क्रूस समोरून गेला तेव्हा त्यांनी गुडघे टेकले आणि परत उठताना त्यांना उठता येईना. मी हात दिला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच पुढच्या थांब्यापर्यंत धरून ठेवला. आजी अशीच धरायची. गुड फ्रायडेला ती अंगावरचे दागिने उतरवून ठेवायची, लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घ्यायची आणि क्रूसाच्या वाटेला निघताना माझं मनगट धरायची. त्या वाटेवरची चौदा स्थानं होईपर्यंत सोडायची नाही. घरी परतल्यावर पेज आणि लोणच्याची फोड. त्या दिवशी रेडिओ बंद, मोठ्यानं हसणं बंद, खिडकीतून फक्त कावळ्यांचा आवाज. भुकेपेक्षा त्या शांततेचीच भीती वाटायची. आज तीच शांतता मी शोधत फिरते आहे.

संध्याकाळी क्राकूवमध्ये ‘देवाच्या थडग्यां’ची दर्शनं. प्रत्येक चर्चमध्ये ख्रिस्ताचं थडगं फुलांनी सजवतात, वर पांढऱ्या झिरझिरीत वस्त्रानं झाकलेलं पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर), आणि घरची माणसं एका चर्चमधून दुसऱ्यात जात राहतात. आम्ही पाच केली. सहाव्याला पायांनी नकार दिला.

शनिवार, ३० मार्च

हा दिवस सगळ्यात मोठा.

सकाळी सहाला स्वयंपाकघरात काकू आधीच उभी. एका पातेल्यात कांद्याची सालं उकळत होती. इथे हिवाळाभर कांद्याची सालं साठवून ठेवतात, फक्त या दिवसासाठी. त्या पाण्यात अंडी उकडली की ती विटकरी-तांबूस होतात, आणि साल जितकी जास्त तितका रंग गडद. मग सुईनं त्या रंगावर खरवडून नक्षी काढायची. खरवडलेल्या रेषा पांढऱ्या उमटतात. याला ‘द्रापांकी’ म्हणतात. काकूनं अंड्यावर गव्हाची ओंबी काढली, एकेक कुसळ वेगळं. मला एक अंडं आणि सुई दिली. मी नारळाचं झाड काढलं. झावळ्या काढताना सुई घसरत होती. अंडं गरम, बोटाला चटका बसतो, आणि जोर जास्त झाला तर टवका उडतो. माझ्या झाडाचं खोड वाकडं झालं. वसईत माडाची झाडं वाकडीच असतात, असं मी काकूला सांगितलं, आणि ते खरंच आहे.

मग माझी पाळी. फुग्यांचं पीठ मी रात्रीच भिजवून ठेवलं होतं: मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ आणि यीस्ट. आजीच्या लहानपणी यीस्ट नसायचं, ताजी ताडी घालून पीठ फुगवायचे. इथे ताडी कुठून येणार, पण पोलंडमध्ये ताजं यीस्ट लोण्याच्या वडीसारखं कागदात बांधलेलं कुठल्याही दुकानात मिळतं, आणि त्याचा वास आंबूस-गोड, ताडीच्या जवळ जाणारा. रात्रभरात पीठ पातेल्याबाहेर आलं होतं. फुगे करायला झारा किंवा साचा लागत नाही, लागते ती मूठ. हात ओला करायचा, पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून गोळा वर आणायचा आणि दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटानं तोडून तेलात सोडायचा. गोळा तळाशी जातो, वर येतो आणि एक बाजू तांबूस झाली की बरेचदा आपोआपच उलटतो. तो उलटला की लहानपणी आम्ही टाळ्या वाजवायचो. आई म्हणायची, ‘पीठ चांगलं आलंय.’ पहिला फुगा तेलात उलटला तेव्हा माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं, मराठीत, आणि काकूनं मान डोलावली. तिला शब्द कळला नसेल, पण चांगलं आलेलं पीठ तिला कळतं.

मग टोपली भरायची. या टोपलीला, तिच्यातल्या अन्नाला आणि त्याच्या आशीर्वादाला मिळून ‘श्व्येंत्सोन्का’ म्हणतात. तळाला कडेनं लेस लावलेला पांढरा कापडी रुमाल, इस्त्री केलेला. त्यावर अंडी, पाव, सॉसेज, मीठ, मुळ्यासारख्या तिखट मुळाचा कीस, घरी केलेला उंच केक ‘बाबका’, आणि मधोमध लोण्याचं कोकरू, पाठीवर लाल झेंडा रोवलेलं. कडेनं बारीक पानांच्या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या. काकूनं बाबका थोडा बाजूला सरकवला आणि मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे मी सात फुगे ठेवले, आणि त्यांच्या कुशीत सुकेळीचा एक तुकडा.

चर्चच्या अंगणात लांब बाकांवर टोपल्याच टोपल्या. छोट्या मुलांच्या हातात चिमुकल्या टोपल्या, त्यात एक अंडं आणि एक चॉकलेटचा ससा. त्या दिवशी मार्चच्या मानानं विलक्षण उकाडा होता. सहारातली धूळ युरोपवर आली होती, त्यामुळे आकाश पिवळट आणि ऊन मळकं. बायका कोट काढून हातावर घेऊन उभ्या होत्या. फादर आले. तीन वेगळ्या प्रार्थना: मांसासाठी, पावासाठी, अंड्यांसाठी. मग मोठ्या कुंचल्यानं पवित्र पाणी इतकं उडवलं की माझा चष्मा भिजला. फुग्यांवर थेंब पडले. आमच्या वाडीतल्या, रविवारच्या जेवणाच्या, मटणाच्या रश्शात बुडवून खायच्या फुग्यांवर! मी काकूकडे पाहिलं नाही, नाहीतर तिथेच रडू आलं असतं.

आशीर्वाद झालेलं अन्न रविवारच्या न्याहारीपर्यंत खायचं नाही. दुपारी दोनला दुकानं कायद्यानं बंद झाली आणि रस्ते मोकळे पडले.

रात्री आठला आईचा फोन आला. वसईत साडेबारा वाजले होते, ती जागरणविधीहून नुकतीच घरी आली होती. तिचा पहिला शब्द: ‘आलेलुया!’ उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत हा शब्द मिस्सेत म्हणत नाहीत. आम्ही लहान असताना घरातही म्हणायचो नाही. चुकून तोंडातून निघाला तर ताई डोळे वटारायची. जागरणविधीला चर्च पूर्ण अंधारात असायचं. बाहेर नवा अग्नी पेटायचा, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती, आणि ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ म्हणत उजेड बाकाबाकांतून मागे सरकत यायचा. मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती असली तरी मेण बोटांवर गळायचंच. मी ते सोलून गोळी करून खिशात ठेवायचे. आईनं फोनमधून यंदाच्या घंटा ऐकवल्या, रेकॉर्ड केलेल्या, वाऱ्यानं फरफरणाऱ्या. त्यामागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

रविवार, ३१ मार्च

ईस्टर कधी येतो हे चंद्र ठरवतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. यंदा त्याच रात्री घड्याळं एक तास पुढे गेली. दोनचे तीन झाले, आणि सहाची पहाटेची मिस्सा शरीराला पाचची वाटली. तिला ‘रेझुरेक्त्स्या’ म्हणतात. फादर पवित्र साक्रामेंत हातात घेऊन बाहेर पडतात, आणि सगळे जण चर्चला तीन फेऱ्या घालतात. घंटा सतत वाजतात. दोन दिवसांचा सगळा आवाज जणू त्यांनी राखून ठेवलेला असतो.

न्याहारीला आधी उकडलेल्या अंड्याचे तुकडे. ताट हातात घेऊन काकू प्रत्येकासमोर उभी राहिली, तुकडा दिला, शुभेच्छा दिल्या, गालावर ओठ टेकवले. मला काय म्हणाली ते पूर्ण कळलं नाही. मैत्रिणीनं सांगितलं, ‘तुझ्या आईचीही तब्येत चांगली राहो म्हणाली.’ मग झुरेक, आंबवलेल्या राईच्या पिठाचं आंबट सार, त्यात पांढरं सॉसेज आणि अर्धं अंडं. आंबवलेलं पीठ आवडणाऱ्या माणसाला झुरेक शिकवावं लागत नाही.

फुगे मी झुरेकमध्ये बुडवून दाखवले. काकूच्या धाकट्या भावानं चार खाल्ले आणि विचारलं, तुमच्याकडे ख्रिस्ती लोक कधीपासून? मी वसईच्या किल्ल्याचं सांगितलं: १५३४ ते १७३९ पोर्तुगीज, मग चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पण चर्च राहिली आणि आमची भाषाही राहिली. आज आम्ही मिस्सा मराठीत म्हणतो. त्याच वसईतल्या गोन्सालो गार्सियाला १५९७ मध्ये नागासाकीत क्रूसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं, हे ऐकून तो जागचा उठला. मग मी वळिवड्याचं सांगितलं. वॉर्सात ‘भल्या महाराजां’च्या नावाचा चौक आहे, महायुद्धात पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांची गोष्ट या घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, १९४३ ते १९४८, हे त्यांना नवीन होतं. म्हणजे माझ्या राज्यात, पंचगंगेच्या काठी, पोलिश आयांनी असेच ईस्टर काढले असतील. बाबका करताना लोणी कुठून आणलं असेल? सालं उकळली असतील का? काकू बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं माझ्या ताटात अजून एक सॉसेज वाढलं.

दहाला आईला फोन केला. तिच्याकडे दीड वाजला होता. कालपर्यंत आमच्यात साडेचार तासांचं अंतर होतं, आज साडेतीन. आईनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, ‘म्हणजे एका रात्रीत तू तासभर जवळ आलीस.’

दुपारी व्हिस्तुला नदीच्या काठानं वावेल टेकडीखाली फिरलो. वरच्या कॅथेड्रलमध्ये झिग्मुंट ही मोठी घंटा आहे, १५२० मध्ये ओतलेली, बारा टनांहून जड. ती हलवायला बारा माणसं लागतात आणि ती मोठ्या सणांनाच वाजते. आवाज कानापेक्षा छातीत आधी कळतो.

सोमवार, १ एप्रिल

‘श्मिगुस-दिंगुस’, पाण्याचा सोमवार. सकाळी डोळे उघडायच्या आत मैत्रिणीच्या भाचीनं उशीवर पेलाभर पाणी ओतलं. मी किंचाळून उठले आणि मग अर्धा तास आम्ही दोघी गच्चीत एकमेकींवर पाणी उडवत होतो.

मला पाण्याचा हा खेळ वेगळ्याच कारणानं आवडला. होळीची पौर्णिमाही चंद्रावर आणि ईस्टरही चंद्रावर, त्यामुळे होळी नेहमी आमच्या उपवासकाळातच यायची. शेजारची मुलं रंगात, आणि आम्ही ओटीवरून बघणार. आजी एखादी बादली भरू द्यायची, पण मन भरून नाही. यंदा धुळवड २५ मार्चला झाली, आणि मी आठवड्याभरात पाण्यानं न्हाले, आलेलुया म्हणून झाल्यावर. लहानपणचं काहीतरी राहून गेलेलं होतं, ते पुरं झालं.

दुपारी क्राकूवच्या साल्वातोर भागात ‘एमाउस’ची जत्रा. पुनरुत्थानानंतर एमाउसच्या वाटेवर दोन शिष्यांना ख्रिस्त भेटला, त्यावरून हे नाव. मठाशेजारच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं: मातीच्या शिट्ट्या, लाकडी खेळणी, हृदयाच्या आकाराचे आल्याचे केक. मी आईसाठी मातीची एक चिमणी घेतली. शेपटीत फुंकलं की पाण्यातून बोलल्यासारखा आवाज येतो.

मंगळवार, २ एप्रिल

पोद्गुझेच्या बाजूला क्राकस राजाचा मातीचा ढिगारा आहे, १६ मीटर उंच. लोकांनी बाह्यांमध्ये माती भरून आणून तो रचला अशी दंतकथा. मंगळवारी तिथे ‘रेंकाव्का’चा मेळा असतो, जुन्या पोशाखांत तरुण मुलं ढाल-तलवारी घेऊन उतरतात. वर चढून शहर पाहिलं, फार थांबले नाही. गाडी चुकवायची नव्हती. २००५ साली याच तारखेला पोप जॉन पॉल गेले, म्हणून फ्रान्सिश्कान्स्का रस्त्यावरच्या त्यांच्या खिडकीखाली लोक मेणबत्त्या लावून जात होते. मीही एक लावली. मेण बोटावर गळलं. सोललं, गोळी केली, खिशात ठेवली.

निघताना काकूनं माझा स्टीलचा डबा परत दिला. मी तो भरून आणला होता, तिनं रिकामा परत दिला नाही. ही रीत तिला कुणी सांगितली नव्हती. वर माझुरेक या ईस्टरच्या चपट्या केकचे चौकोनी तुकडे, खाली बाबका, आणि एका बाजूला कापसात गुंडाळलेलं अंडं. मला वाटलं माझंच असेल, वाकड्या माडाचं. वॉर्साच्या गाडीत उघडलं. माझं नव्हतं. काकूनं दुसऱ्या अंड्यावर नवीन माड काढला होता, माझ्यासारखाच वाकडा, आणि त्याच्या बुंध्याशी तिची ती गव्हाची ओंबी.